व्हरांड्यातला काटा

९ मार्च

ताई,

नमस्कार, रीत म्हणून.

या जन्मात तुझ्याशी बोलणार नाही असं मी भर दुकानात, चार माणसांसमोर म्हणालो होतो आणि त्यावर मी ठाम आहे. पण लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे. समोरच्या शिंप्याला विचारून मी खात्री करून घेतली आहे.

लिहायचं कारण आमची भिंगरी. तुला ती अंगणभर गरागरा फिरणारी आठवत असेल. आता भौतिकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि फिरायची थांबली आहे. एका जागी बसून विचार करते, त्याची मला जास्त भीती वाटते. तिने उन्हाळ्याच्या सुटीत कुठल्यातरी सरकारी खात्यात इंटर्नशिप करायची ठरवली. चांगली गोष्ट आहे. पाण्याचं खातं आहे, रस्त्यांचं आहे, हवामानाचं आहे. पण बाईसाहेबांनी अर्ज केला तो वजनमाप खात्यात. तुझ्या. पुढच्या मंगळवारी मुलाखतीला बोलावलंय.

मला न विचारता अर्ज केला. का विचारलं नाहीस म्हटलं, तर म्हणाली, "तुम्ही काय म्हणाल ते मला पाठ आहे." आणि तिने ते म्हणून दाखवलं, माझ्या आवाजात, हातवाऱ्यांसकट. तिची आई पदर तोंडाला लावून आत गेली.

तू काय केलंस ते तुला आठवत असेलच, पण मला ते पुन्हा लिहिल्याशिवाय बरं वाटणार नाही. तू दोन माणसं घेऊन माझ्या दुकानात शिरलीस. चहा नको म्हणालीस. आपल्या बाबांचा काटा, ज्याच्यावर त्यांनी आयुष्यभर खिळे तोलले, तो तपासलास आणि त्याला सील ठोकलंस. शटरवर नोटीस लावलीस, 'काटा सदोष'. आता दोष काय होता ते तुला माहीत आणि मला माहीत. काटा गिऱ्हाइकाला जास्त देत होता. किलोमागे मूठभर खिळे जास्त जात होते, म्हणजे बुडत होतो मी. पण नोटिशीत ते कुठे होतं? गल्लीने 'सदोष' वाचलं आणि गल्लीला जे समजायचं ते ती समजली. वर्षानुवर्षं माझे खिळे फुकट नेणारा औषधवाला मला म्हणाला, "शेवटी पकडलंच म्हणायचं तुम्हाला."

मी तुला म्हटलं, अगं, सख्ख्या भावाचं दुकान आहे. तू म्हणालीस, "म्हणूनच आधी इथे आले." आपलेच दात आणि आपलेच ओठ, करणार काय. पुढे आई दवाखान्यात होती तेव्हाही तू सकाळी यायचीस आणि मी संध्याकाळी. शेवटी आईनेच विचारलं की तुम्ही दोघं चंद्रसूर्यासारखे का उगवता.

असो. मी शिफारस मागत नाहीये. निवृत्त झालीस तरी तुझं नाव काढलं की तिथली माणसं अजून शर्टाची वरची बटणं लावतात, असं ऐकून आहे. पण आम्हाला ती बटणं नकोत. फक्त एक सर्वसाधारण माहिती हवी आहे, कुठल्याही अनोळखी नागरिकाला देशील तेवढीच. तिथे विचारतात काय?

कळावे. लोभ तुझ्या सोयीने असावा.

बापू


१३ मार्च

ताई,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या वर्षांनी भावाला पत्र, आणि त्यात एक ओळ: "तिला नीट झोपू दे आणि तू दुकानात बस." सरकारी नोकरीत शाई वाचवायची सवय लागते हे मला माहीत नव्हतं.

मी दुकानातच बसतो. म्हणूनच मुलाखतीची तयारी दुकानात घेतली. मागच्या खोलीत तारेची भेंडोळी सरकवून तीन खुर्च्या मांडल्या आणि मंडळ नेमलं. अध्यक्ष शिंपी, कारण गळ्यात टेप असणारा तोच एक, वजन नाही तरी मापाशी त्याचा संबंध आहे. दुसरा औषधवाला, कारण त्याला बोलावलं नाही तर तो दारातून डोकावतो. तिसरा माझा मेहुणा. तो सरकारी मुलाखतीत इतक्या वेळा नापास झालाय की त्याच्याइतका अनुभवी माणूस गल्लीत नाही.

भिंगरीला मी बाहेरून दार वाजवून आत यायला लावलं. ती म्हणाली, "बाबा, इथे दार नाही, पडदा आहे." मी म्हटलं, समज आहे. तिने पडदा वाजवला.

शिंप्याने विचारलं, "तुमचे गुण सांगा." ती म्हणाली, "कुठल्या विषयातले?" तो गोंधळला आणि त्याने तिच्या कुर्त्याची बाही मोजली. मग मेहुण्याने घसा साफ करून विचारलं, "एक किलो लोखंड जड की एक किलो कापूस?" मी मनात म्हटलं, हा प्रश्न तर अंगणवाडीतला. पण भिंगरी म्हणाली, "मामा, हवेत तोलून दोन्ही किलोकिलो भरले, तर खरं म्हणजे कापूस किंचित जास्त असतो. हवा त्याला खालून उचलून धरते ना." मेहुणा म्हणाला, "चूक. दोन्ही सारखे." आणि त्याने तिचे गुण कापले. ती समजावायला लागली तर औषधवाला म्हणाला, वरिष्ठांशी वाद घालणं बरं नव्हे, त्याचेही कापा.

शेवटी मी विचारलं. मी मंडळात नव्हतो, पण खोली माझी आहे. मी विचारलं, "समजा एका प्रामाणिक दुकानदाराचा काटा गिऱ्हाइकाला जास्त देतो. तू काय शेरा मारशील?"

तिने बाही सरळ केली. मग म्हणाली, "काटा सदोष."

मी म्हटलं, "नापास." शिंप्याने टेप गुंडाळली आणि सगळे उठले. भिंगरीची आई चहाचा ट्रे घेऊन पडद्यात उभी होती. ती म्हणाली, "मुलाखत तिची आहे की तुमची?" या घरात मी एकटाच गंभीर आहे.

आता भिंगरी माझ्यासमोर अभ्यास करत नाही. मैत्रिणीकडे जाते. मला बजावलंय की मंगळवारी मी सोबत यायचं नाही. मी कशाला जाईन? मला दुकान नाही का?

एवढं मात्र कळव, की तिथे नुसते प्रश्न असतात की हातानेही काही करून दाखवावं लागतं. औषधवाल्याचा भाचा म्हणतो, लागतं. पण त्या माणसावर मी गोळीपुरताही विश्वास ठेवत नाही.

बापू


१६ मार्च

ताई,

कार्डं मोठी होत चालली आहेत, या वेळी तीन वाक्यं. प्रात्यक्षिक असतं. काय असतं ते सांगणार नाही. आणि तू जाऊ नकोस.

पहिल्याबद्दल आभार. दुसऱ्याची अपेक्षा होतीच. तिसरं वाचून मला हसू आलं. मी उद्या त्या भागात जाणार आहे ते वेगळ्याच कामाला. तिथे मागच्या गल्लीत बिजागऱ्यांचा एक घाऊक दुकानदार आहे. त्याच्याकडे मी बऱ्याच दिवसांपासून जाईन जाईन म्हणतोय. आता त्याचं दुकान तुमच्या कार्यालयाच्या पाठीमागे असेल तर त्याला मी काय करू?

भिंगरीने निळा कुर्ता काढून ठेवलाय. आज जेवताना ती म्हणाली, "बाबा, मला ही इंटर्नशिप खरंच हवी आहे." तिने आजवर मला काही हवंय असं कधी म्हटलेलं नाही. लहानपणी जत्रेत फुगासुद्धा मागितला नाही, नुसती फुग्याकडे बघत उभी राहायची आणि मग आपल्यालाच तो घ्यावा लागायचा. म्हणून लिहिलं. बाकी काही नाही.

बापू


१७ मार्च, संध्याकाळ

ताई,

मुलाखत झाली. छान झाली. विशेष काही घडलं नाही.

तुमचं कार्यालय मी पहिल्यांदाच आतून पाहिलं. जिन्याला रंग हवा. व्हरांड्यातल्या बाकाचा एक खिळा वर आलाय, त्यात माझा लेंगा अडकला. खिळा चांगल्या प्रतीचा नाही. उमेदवार पाच होते. सगळ्यांच्या हातात फायली होत्या. एक मुलगा टाय लावून आला होता आणि टायलाच घाबरत होता.

भिंगरीने मला बसस्टॉपवर पाहिलं आणि नुसते हात जोडले. मग म्हणाली, फाटकाबाहेर थांबा. मी फाटकाबाहेरच थांबलो. नंतर ऊन आलं, म्हणून फाटकाच्या आत थांबलो. मग पाणी प्यायला वर गेलो. पाण्याचा माठ व्हरांड्याच्या टोकाला आहे, तिथेच पडद्यामागे एक टेबल आहे. टेबलावर काटा होता. तेव्हा अजून कोणाला आत बोलावलेलं नव्हतं आणि तुमचे लोक चहाला गेले होते. एवढ्या मोठ्या खात्याने काटा असा ठेवावा याचं मला नवल वाटलं. असो.

भिंगरी घरी आल्यापासून गप्प आहे. दमली असेल. बिजागऱ्यावाल्याचं दुकान बंद होतं.

बापू

ता. क. तिथल्या व्हरांड्यातल्या वस्तूंची निगा कोणाकडे असते? सहज विचारतो.


१८ मार्च

ताई,

काल 'असो' लिहिलं, पण ते असो होत नाहीये.

तुझ्यापासून काय लपवायचं? तुला लहानपणीही माझ्या तोंडाकडे बघून कळायचं की बरणी कोणी फोडली. काल तो काटा तिरका होता. इलेक्ट्रॉनिक काटा, माझ्या दुकानात आता आहे तसाच, खाली चार फिरते पाय आणि कोपऱ्यात पाणसळीचा बुडबुडा, तो मधोमध आला म्हणजे काटा समतल. बुडबुडा वर्तुळातून बाहेर पडून पार कडेला चिकटला होता. तू बाबांचा काटा बंद केलास तेव्हापासून मी दुकान उघडलं की आधी बुडबुडा बघतो, मग कुलूप खिशात टाकतो. लग्नाला गेलो तरी तिथल्या आचाऱ्याच्या काट्याचा बुडबुडा बघतो. हे व्यसन तू लावलंस.

मला वाटलं, कोणाचा तरी धक्का लागलाय. माझ्या मुलीची परीक्षा, त्यात काटा कलंडलेला. ती बिचारी त्यावर वजन ठेवणार, आकडा चुकणार आणि बोल तिला लागणार. कोणता बाप बघत बसेल? मी इकडेतिकडे पाहिलं, खाली वाकलो आणि दोन पाय फिरवले. बुडबुडा हळूहळू आला आणि मधोमध बसला. मला फार बरं वाटलं. रुमालाने ताटलीही पुसली.

ताई, तो काटा मुद्दाम तिरका ठेवला होता. प्रात्यक्षिकच ते होतं. एकेकाने पडद्यामागे जायचं, शेजारच्या पेटीतली प्रमाणित वजनं ठेवून बघायची आणि काट्यात काय दोष आहे ते कागदावर लिहून आत न्यायचं. हे मला सगळं आटोपल्यावर कळलं, जिन्यात मुलं आपसांत बोलत होती तेव्हा.

आणि गंमत अशी की सगळ्यांना दोष सापडला. तिथे काट्यात दोष असतोच, ही बातमी म्हणे दर वर्षी फुटते. एकाने लिहिलं, काटा अडकतो. एकीने लिहिलं, आकडा स्थिर राहत नाही. तिसऱ्याने तर ताटली झिजल्याचं लिहिलं, जी मी नुकतीच पुसून लख्ख केली होती. टायवाल्याने लिहिलं, तिरका आहे म्हणून वजन कमी दाखवतो. त्याला शाबासकी मिळाली, कारण आतल्या साहेबांकडच्या कागदावर तेच उत्तर होतं.

भिंगरीने लहान वजनापासून मोठ्यापर्यंत सगळी ठेवली, चारही कोपऱ्यांत ठेवली, मोठ्यापासून लहानापर्यंत परत आली. आणि लिहिलं, "दोष आढळला नाही."

आत एक जाड भिंगाच्या चष्म्याचे साहेब आहेत; पुढचं भिंगरीने आईला सांगितलं ते. ते म्हणाले, "पुन्हा बघून ये." ती गेली, बघितलं, परत येऊन तेच सांगितलं. ते म्हणाले, "हे बघ, इथे एक दोष आहे, एवढं मी तुला सांगतो. जा." ती तिसऱ्यांदा गेली. परत येऊन म्हणाली, "सर, मला नाही सापडत." त्यांनी तिच्या कागदावर लाल खूण केली आणि पुढच्या उमेदवाराला हाक मारली.

तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून पडून आहे. सकाळी मी चहा घेऊन गेलो. तिने विचारलं, "बाबा, पाचातल्या चार जणांना दिसलं आणि मला दिसलं नाही. मी हा विषय शिकते तरी कशाला?" म्हणते, पुढच्या वर्षी प्रवेशच घेत नाही, दुकानात बसते. जिला कापसाचं खरं वजन कळतं तिने माझ्याकडे खिळे विकायचे.

मी चहा खाली ठेवला आणि बाहेर आलो. सांगायला तोंड उघडलं होतं, पण साखर बरोबर आहे का एवढंच विचारलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुपारी तुला फोन लावला होता. तू हॅलो म्हणालीस आणि माझा हात आपोआप फोन ठेवून मोकळा झाला. रॉन्ग नंबर समज. पण आता काय करू ते सांग. मी साहेबांना जाऊन सांगितलं तर ते काय करतील? तुला त्या लोकांची डोकी माहीत आहेत.

तुझा
बापू


२० मार्च

ताई,

तुझा निरोप भिंगरीच्या आईने दिला. "कार्यालय दहाला उघडतं." एवढाच. तुझा नंबर तिच्याकडे कसा, हे मी विचारलं नाही, पण नंतर तिचा फोन पाहिला. तिथे तू 'गॅस एजन्सी' या नावाने आहेस. सिलिंडर सांगायला अर्धा अर्धा तास का लागतो, याचं कोडं मला गेली कित्येक वर्षं पडलं होतं.

दहाला गेलो. साहेबांनी ओळखलं नाही, तक्रारदार समजून खुर्ची दिली. मी म्हटलं, "साहेब, मंगळवारी तुमचा व्हरांड्यातला काटा मी सरळ केला."

ते म्हणाले, "दुरुस्तीवाले का? तुमचं बिल अजून आलेलं नाही."

मी म्हटलं, "नाही. मी बाप."

मग सगळं सांगितलं. बुडबुडा सांगितला, रुमालही सांगितला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि उठून व्हरांड्यात गेले. मी मागोमाग. काटा तसाच होता, सरळ. त्यांनी एकामागून एक वजनं ठेवून पाहिली. शेजारच्या टेबलावरच्या बाई आल्या, त्यांनीही पाहिली. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "म्हणजे चार जणांनी नसलेले दोष लिहिले." साहेब म्हणाले, "आणि त्यातल्या एकाला मी शाबासकी दिली."

मला वाटलं, सुटलो. पण सरकारी माणूस हसून सोडून देईल तर तो सरकारी कसला? बाईंनी विचारलं, "तुम्ही काटा सरळ केलाय हे तुमच्या मुलीला माहीत होतं?"

"नाही हो."

"कशावरून?"

"माहीत असतं तर ती भिंतीकडे तोंड करून पडली असती का?"

"भिंत आम्हाला इथून दिसत नाही," त्या म्हणाल्या. आणि त्यांचंही खोटं नव्हतं. बापाने काटा फिरवायचा आणि मुलीने एकटीने 'दोष नाही' लिहायचं, यात कोणालाही संगनमत दिसेल. मी गप्प बसलो असतो तर ती नापास होती, बोललो तर लबाड ठरत होती. सरकारी उपकरणाशी छेडछाड केली असं माझ्याकडून लिहून घेतलं. मंगळवारी पाचही जणांना परत बोलावलंय. आणि भिंगरीला साहेब स्वतः वेगळं विचारणार आहेत. निवड व्हायची की अर्जच बाद करायचा, ते त्यानंतर ठरेल.

घरी येऊन मी तिला सांगितलं. उभ्या उभ्याच सांगितलं, बसलो असतो तर जमलं नसतं. ती उठून बसली. मग म्हणाली, "म्हणजे काटा बरोबर होता?"

मी म्हटलं, "होता."

"तिसऱ्यांदा गेले तेव्हा मी पेन टेकवलं होतं, बाबा. काहीतरी लिहूनच टाकणार होते." तिचे डोळे भरून आले. मग ती स्वयंपाकघरात गेली, भरपेट जेवली, ताट घासून ठेवलं आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. आपल्या घराण्याची ही विद्या तिने बरोब्बर उचलली आहे.

तू त्या साहेबांना फोन करू नकोस. हे मी मनापासून सांगतोय. केलास तर तिला वाटेल, तुझ्या नावावर मिळालं. मला माहीत आहे तू करणार नाहीसच. तरी लिहिलं, कारण मी तुझ्या जागी असतो तर केला असता.

तुझा
बापू


२४ मार्च

ताई,

आज मंगळवार. मला आवारात यायला बंदी होती. तसा आदेशच होता, आणि पहारेकऱ्याने खुर्ची फिरवून माझ्याकडे तोंड करून ठेवली होती. मी रस्त्यापलीकडे बसस्टॉपच्या बाकावर बसलो. तो मला बघत होता, मी त्याला. त्याच्या शेजारी ट्रक तोलायचा मोठा काटा आहे. मी तिकडे मान वळवली की तो उभा राहायचा.

सगळ्यांच्या शेवटी भिंगरी आली. रस्ता ओलांडून माझ्या शेजारी बसली. चार दिवसांनी बोलली, "झालं."

"काय झालं?"

"निवड झाली. मे महिन्यापासून." आणि तिने पत्र दाखवलं. टाईप केलेला मजकूर होता, खाली साहेबांनी पेनने लिहिलं होतं की उमेदवाराच्या वडिलांनी कार्यालयाच्या कोणत्याही वस्तूपासून सुरक्षित अंतर राखावं. मी ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसलो, नंतर मला दिसेनासं झालं. भिंगरीने रुमाल दिला. म्हणाली, "ताटली पुसायचा नाहीये, स्वच्छ आहे."

मी विचारलं, त्यांचा विश्वास कसा बसला? ती म्हणाली, आज नवीन काटा होता, त्यातला दोष तिला सापडला, ते काही विशेष नाही. टायवाल्यालाही सापडला. मग साहेबांनी तिला एकटीला बसवून घेतलं आणि विचारलं, "त्या दिवशी मी तुला परत परत पाठवलं. दोष आहे असं तोंडाने सांगितलं. काहीही लिहिलं असतंस तरी मी पुढे गेलो असतो. तू का नाही लिहिलंस?"

"मग तू काय म्हणालीस?"

"ते राहू द्या, बाबा."

"अगं, सांग की."

ती समोरच्या फाटकाकडे बघत होती. म्हणाली, "मी सांगितलं की आमच्या घरात एकीने काट्यात जे होतं ते लिहिलं. सख्खा भाऊ समोर उभा होता तरी. त्यानंतर आमच्या घरी कोणी तिचं नाव काढलं नाही. आजी गेली तेव्हाही ती सगळे निघून गेल्यावर आली. मी तेव्हा लहान होते, मीच दार उघडलं. ती आत आली नाही, बाहेरच उभी राहिली, आणि मला विचारलं, तुझे बाबा जेवले का. मी म्हटलं, सर, तिने एवढं सोसलं आणि तरी लिहिलेलं बदललं नाही. मी एका लाल खुणेला घाबरून बदलते होय?"

ताई, बस आली आणि गेली. मला उठवलं नाही. भिंगरीही उठली नाही.

तू दारात येऊन गेलीस हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी त्या दिवशी जेवलो नव्हतो.

पुढच्या बसने आम्ही घरी आलो. गल्लीत बातमी आधीच पोचली होती. मेहुणा म्हणतो, सगळं श्रेय कापसाच्या प्रश्नाचं. शिंप्याने तिला ऑफिसात घालायला कुर्ता शिवून द्यायचं कबूल केलंय, माप त्याच्याकडे आहेच. औषधवाला दुकानात आला आणि म्हणाला, "आता घरातलीच आली म्हणजे तुम्हाला कोणी पकडायला नको." इतकी वर्षं मी असल्या बोलण्यावर मूग गिळून बसायचो. आज म्हटलं, "माझ्या बहिणीने पकडला तो काटा तुम्हाला जास्त देत होता. तिने बंद केला नसता तर मी तुमच्या पायी बुडालो असतो." त्याने पाव किलो लोखंडी चुका घेतल्या आणि गेला.

रविवारी जेवायला ये. भिंगरीची आई बोलावतेय असं लिहिणार होतो, पण तिला मी अजून विचारलेलंही नाही. मी बोलावतोय. दुपारी ये, सगळे घरात असताना ये, पुढच्या दाराने ये. संध्याकाळी जायची घाई करू नकोस.

कार्ड पाठवू नकोस. ये.

तुझा
बापू